ओसाड डाउनटाउन पुन्हा गजबजवायचं, तर आधी कुठलं दुकान हवं?

शहराचा मध्यभाग ओस पडला की पहिला सल्ला मिळतो, मोठा मॉल आणा. अमेरिकेतल्या डेट्रॉईटमध्ये मात्र गाडी वेगळ्याच क्रमानं रुळावर आली.

१९५० मध्ये मोटारींच्या या शहरात साडेअठरा लाख लोक राहायचे. २०१० मध्ये उरले जेमतेम सात लाख. कारखाने हलले, मध्यमवर्ग उपनगरांत गेला आणि त्याच्यामागं दुकानंही गेली. डाउनटाउनची शान असलेलं हडसन्स हे अवाढव्य स्टोअर १९८३ मध्ये बंद पडलं, १९९८ मध्ये इमारतही पाडली. २०१३ मध्ये तर शहराचं दिवाळंच निघालं.

मग गर्दी परतली कशी?

२०१० मध्ये क्विकन लोन्स कंपनीनं मुख्यालय डाउनटाउनला आणलं. पण ऑफिसची गर्दी संध्याकाळी घरी जाते. ती थांबवायला तीन प्रकारची दुकानं लागतात.

पहिली, खाण्यापिण्याची. कपडे ऑनलाइन येतात, पण मित्रांसोबतचा कट्टा ऑनलाइन जमत नाही. शिवाय रात्री दिवे चालू असले की रस्ता सुरक्षित वाटतो.

दुसरी, रोजच्या गरजेची. किराणा, औषधं मिळत नसतील तर तिथं राहायला कोण येणार? शेजारच्या मिडटाउनमध्ये २०१३ ला होल फूड्स आलं, २०२१ ला डाउनटाउनजवळ रिव्हरटाउन मार्केट.

तिसरी, शहराची ओळख सांगणारी. घड्याळं बनवणाऱ्या शिनोलानं तर डेट्रॉईटचं नावच ब्रँड केलं. उपनगरातल्या मॉलमध्ये जे मिळतं तेच इथं मिळालं, तर इतक्या लांब कोण येईल?

मोठे ब्रँड नंतर आले. नायके २०१६ मध्ये, गुची २०२२ मध्ये. ब्रँड गर्दी बघून येतात.

खरी अडचण इथंच सुरू होते. गर्दी वाढली की भाडं वाढतं आणि पडत्या काळात तग धरलेला छोटा दुकानदारच बाहेर फेकला जातो. शिवाय डेट्रॉईटचे सुमारे तीन चतुर्थांश रहिवासी कृष्णवर्णीय आहेत, अनेकांच्या खिशाला गुची परवडणारं नाही. म्हणूनच तिथं २०१५ पासून ‘मोटर सिटी मॅच’ योजनेतून छोट्या व्यावसायिकांना अनुदान आणि जागा शोधायला मदत दिली जाते.

थोडक्यात काय, तर बाजार परत आला, एवढ्यावर खूश व्हायचं नाही. तो कुणासाठी परत आला, हेही बघायचं.

तुमच्या शहरातल्या जुन्या बाजारपेठेत आज कुठलं दुकान हवंय? कमेंटमध्ये नक्की सांगा.