आयुष्य फार तर १५ मिनिटं!

वेब अॅप लिहून झालं की पूर्वी दुसरं काम सुरू व्हायचं: मशीन भाड्यानं घ्या, त्यावर लिनक्स चढवा आणि मध्यरात्री ते बंद पडलं की डोळे चोळत उठा. नोव्हेंबर २०१४मध्ये अॅमेझॉननं ‘लॅम्बडा’ जाहीर केलं आणि कोडची झिप चढवली की पुढचं सगळं आपोआप, असा मामला झाला. सुरुवातीला चालायची फक्त नोड-जेएस. कोडला वेळ मिळायचा एक मिनिट, आता मिळतो १५. त्यापुढे काम कितीही रंगात आलेलं असो, थांबवलं म्हणजे थांबवलं.

बिल मिलिसेकंदावर येतं आणि महिन्याचे पहिले १० लाख कॉल फुकट! इथे काटकसर मात्र जपून करावी. लॅम्बडात मेमरीच्या प्रमाणात सीपीयू मिळतो. पूर्ण एक सीपीयू हवा तर १,७६९ एमबी घ्यावी लागते. गणिती काम असेल तर मेमरी दुप्पट केल्यावर ते बरेचदा निम्म्या वेळात उरकतं. खर्च जवळपास तेवढाच आणि वापरणारा निम्माच ताटकळतो. १२८ एमबीवर अडून बसण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही.

या सगळ्याखाली आहे ‘फायरक्रॅकर’, रस्ट भाषेतलं, २०१८मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं. सुमारे १२५ मिलिसेकंदांत ते एक चिमुकलं आभासी मशीन उभं करतं, स्वतःसाठी ५ एमबीहून कमी मेमरी घेऊन. गंमत म्हणजे त्याची सुरुवात झाली ती गूगलच्या क्रोम ओएसमधल्या कोडवरून!

गूगलचं ‘क्लाउड रन’ थोडं वेगळं. लॅम्बडाची एक प्रत सहसा एका वेळी एकच विनंती हाताळते. क्लाउड रनची प्रत ठरवाल तर १,००० पर्यंत. कोणीच फिरकलं नाही तर प्रती शून्यावर येतात, म्हणून नंतरच्या पहिल्या पाहुण्याला जरा थांबावं लागतं. नवख्यांना इथे दोन ठेचा हमखास लागतात. अॅप लोकलहोस्टवरच कान लावून बसलं तर डिप्लॉय फसतं, ऐकायचं ०.०.०.० वर, ‘पोर्ट’ या व्हेरिएबलमध्ये आलेल्या क्रमांकावर, एरवी ८०८०. दुसरी ठेच जास्त फसवी. कोडनं फाइल लिहिली की ती डिस्कवर जात नाही, मेमरीत जागा अडवते आणि प्रत संपली की तीही जाते. लोकांनी चढवलेले फोटो तिथे ठेवू नका, क्लाउड स्टोरेजमध्ये टाका.

आणि डेटाबेस? लॅम्बडाच्या हजार प्रती एकदम जाग्या झाल्या आणि प्रत्येकीनं आपलं कनेक्शन उघडलं, तर पोस्टग्रेसची मूळ मर्यादा आहे १००. अॅप धडधाकट, डेटाबेस आडवा! मध्ये कनेक्शन वाटून देणारा पूलर बसवणं हे पहिल्याच दिवसाचं काम.

शेवटचं, आपल्या सोयीचं. अॅमेझॉनचं मुंबई रिजन २०१६पासून आहे, गूगलचं २०१७पासून, मायक्रोसॉफ्टचं एक तर पुण्यातच. तरीही अनेक अॅप केवळ उदाहरणातला कोड जसाच्या तसा उचलल्यामुळे व्हर्जिनियात जाऊन बसतात. अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर. फायबरमधला प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. सरळ रेषेत गेला तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद. तेवढ्यात फायरक्रॅकरचं नवंकोरं मशीन उभं राहिलेलं असतं!