प्रायमर, पण मेकअपचा नव्हे!

प्रायमर म्हटलं की मला आठवतो फाउंडेशनच्या आधी लावायचा. त्यामुळे ओहायोत राहणारा मामेभाऊ रात्री जेवणानंतर म्हणाला, "चल खाली, पन्नास प्रायमर बसवायचेत," तेव्हा मी वहिनीकडे बघतच राहिले. वहिनीनं कपाळाला हात लावला. "जा. तुझ्या दादाची संध्या सुरू झाली!"

दादा आता तिकडचाच नागरिक. क्लबमध्ये रायफलनं टार्गेट शूटिंग करतो आणि त्यासाठीची काडतुसं स्वतः भरतो. अमेरिकेत या छंदाला हँडलोडिंग म्हणतात. त्याच्या घरापासून गाडीनं जाता येईल अशा अंतरावर, लेक एरीच्या काठी कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७ साली पहिल्यांदा राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा भरल्या. आमच्याकडे लोणच्याची रेसिपी असते ना, तशी तिकडच्या नेमबाजांची काडतुसाची रेसिपी!

गंमत अशी, की काडतूस एकदा झाडलं तरी त्याची पितळी पुंगळी वाया जात नाही. तिच्या बुडातला जुना प्रायमर काढायचा, पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, मग बारूद आणि शेवटी गोळी. प्रायमर म्हणजे मसुराएवढी धातूची वाटी. आत ठोक्यानं पेटणारं रसायन. फायरिंग पिनचा ठोका बसतो, रसायन पेटतं आणि ती ज्वाळा बारुदापर्यंत पोहोचते. सगळा खेळ या मसुराचा.

हाताला कळतं

हा मसूर बसवायचं हत्यार कोणतं घ्यावं? पर्याय तीन. पुंगळ्या मापात आणायच्या प्रेसलाच जोडलेला प्रायमिंग आर्म. वेगळा खर्च नाही. पण प्रेसची दांडी लांब आणि ताकदवान, त्यामुळे प्रायमर तळाला कधी टेकला हे नीट जाणवत नाही. दुसरं, टेबलाला स्क्रूनं बसवायचं यंत्र. खूप काडतुसं भरणाऱ्यांसाठी उत्तम. हात दुखत नाहीत. तिसरं दादाचं लाडकं: मुठीत मावणारं हँड प्रायमर. लिंबू पिळतो तसा त्याचा लिव्हर दाबायचा.

"घेताना काय बघायचं?" मी विचारलं.

"हातात धरून बघ. शंभर वेळा दाबून अंगठा भरून आला तर ते आपलं नव्हे. आणि दाबताना आत काय चाललंय ते बोटांना कळलं पाहिजे."

बाकी गोष्टी सोप्या. प्रायमरचे मुख्य आकार दोन, लहान ०.१७५ इंच आणि मोठा ०.२१० इंच. आपल्या आकाराची दट्ट्याची पिन आणि पुंगळीच्या बुडाला धरणारा योग्य शेलहोल्डर हवा. ट्रेमध्ये एका वेळी एकाच प्रकारचे प्रायमर. उरलेले मूळ डबीत परत. बरणीत सुटे ओतून ठेवायचे नाहीत, कारण एक पेटला तर सगळेच पेटू शकतात. बोटं तेलकट नकोत. डोळ्यांवर गॉगल हवाच. अडकला तर जोर लावायचा नाही, थांबायचं.

आणि फोन वर ठेवून यायचं. मी मात्र गुपचूप खिशात घेऊन गेले होते.

'चालेल' चालत नाही

पहिले वीस झकास बसले. मग एका एडिटरचा मेसेज आला आणि मी एका डोळ्यानं तो वाचत पुढचे दोन दाबले. शेवटी दादानं प्रत्येक पुंगळीच्या बुडावरून बोट फिरवलं आणि दोन बाजूला काढल्या. "या दोन वर आल्यात."

मला तर दिसतही नव्हतं. "एवढंसं चालेल ना?"

दादा रागावला नाही, पण हसलाही नाही. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा हजारातल्या तीन ते पाच भाग इंचानं, म्हणजे साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यानं, आत हवा. वर राहिला तर पिनचा ठोका त्याला आत ढकलण्यातच खर्ची पडतो आणि बार फुसका जातो. उलटही होऊ शकतं. काही सेमी-ऑटोमॅटिक रायफलींत चेंबर पुरता बंद होण्याआधीच बार उडू शकतो, तोही तोंडापासून वीतभर अंतरावर! पुंगळ्या रिकाम्या होत्या म्हणून दादानं त्याच दोन पुन्हा हलकेच दाबल्या. भरलेल्या काडतुसाला हे कधीच करायचं नाही.

हे घरी करून बघू नका हो! आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा गुन्हा आहे. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ जिंकलं ते पॉइंट टूटू रायफलनं. तिच्या काडतुसात हे रसायन बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, म्हणून तिथे प्रायमर बदलायचा प्रश्नच येत नाही.

वर आलो. दादानं खोलीची किल्ली वहिनीच्या हातात दिली. घरात सहा वर्षांचं पोर, आणि वहिनीला बंदूक आजही आवडत नाही. तिनं लग्न टिकवलं ते या एका अटीवर: किल्ली माझ्याकडे.

"मोजलेस?" तिनं विचारलं.

"पन्नास. दोन पुन्हा बसवावे लागले."

वहिनीनं माझ्या खिशाकडे बघितलं. मी निमूटपणे फोन काढून टेबलावर ठेवला.