स्वस्त, लवकर आणि थोडंच? बिल कोण भरतंय, बॉस?

मॉलमध्ये ‘फ्लॅट ५० टक्के ऑफ’ची पाटी दिसली की आपली पावलं आपोआप आत वळतात. माझीही! पण अर्ध्या किमतीत विकून कंपनीला परवडतं कसं, हा प्रश्न मला जाम छळायचा. या धंद्याविषयी वाचत गेले तेव्हा कळलं, सेल म्हणजे बऱ्याचदा चुकलेल्या अंदाजाची भरपाई असते.

फंडा तसा सोपा आहे. माल किती, कधी आणि काय भावाने, या तीन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या. शर्ट दोनशे असोत की वीस हजार, पॅटर्न एकदाच बनतो. कापड रंगवायचं मशीन अर्धवट भरून चालवणं महागात पडतं. नवं डिझाइन आलं की शिवणाऱ्यांचा हात बसेपर्यंत काम हळू चालतं. हा खर्च वीस हजारांत वाटला तर किरकोळ. दोनशेंत वाटला की भाव कडाडलाच!

मग द्या ना मोठी ऑर्डर! पण ती कित्येक महिने आधी द्यावी लागते, आणि तोवर लोकांची आवड बदलते. २०१८ मध्ये एच अँड एमकडे ४.३ अब्ज डॉलरचा माल साठला होता. तो खपवायला किमती उतरवाव्या लागल्या.

स्पेनच्या झाराने यावर तोड काढली. फॅशनचा माल पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या देशांत थोडाथोडा शिवायचा. मजुरी जास्त, पण पडून राहणारा माल कमी. साधे टी-शर्ट मात्र लांबून, आशियातून. म्हणजे खपायची खात्री असेल ते लांबून, स्वस्तात; नसेल ते जवळून, बेतानं.

आणि शीइन? शे-दोनशे नगांची ऑर्डर, झटपट माल, वर पाण्याचा भाव. तिन्ही एकदम! तर २०२१ मध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेला ग्वांगझूच्या वर्कशॉपमध्ये आठवड्याला ७५ तास राबणारे कामगार भेटले. मोठ्या ऑर्डरवाल्यांचीही तीच तऱ्हा. २०२० मध्ये कोरोना आला आणि बड्या ब्रँडांनी बांगलादेशातल्या तीन अब्ज डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा लांबवल्या. गिऱ्हाईक मोकळं, शिवणारे अडकले.

आपण ऑफिसच्या इव्हेंटसाठी चाळीस टी-शर्ट मागवतो तेव्हाही हेच गणित असतं. ‘परवा हवेत, सहा रंगांचा लोगो, आणि भाव कमी करा हं!’ असं म्हणण्याआधी एक करा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये दर रंगाला वेगळी स्क्रीन लागते, तेव्हा लोगो एकाच रंगात घ्या. ऑर्डर दोन आठवडे आधी द्या. भाव आपसूक उतरेल, आणि कुणाला रात्रभर मशीनवर बसावं लागणार नाही.