गंजीफ्रॉक आणि जकातीचे पुस्तक

परदेशी मालावर जकात किती असावी याविषयी आपल्याकडे वाद पुष्कळ होतात. परंतु तो माल कोणत्या नावाने मोजावयाचा, हा त्याआधीचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः निम्मा निकाल तेथेच लागतो. कपडा शिवणारा, विकणारा आणि अंगात घालणारा, या तिघांचाही त्याच्याशी संबंध आहे.

जगातील बहुतेक देश मालाची एकच अनुक्रमणी वापरतात. तिचा करार १९८३ साली ब्रुसेल्स येथे झाला आणि १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आला. आपल्या देशाने १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यात दुरुस्ती करून ही पद्धत १९८६ सालीच स्वीकारली. मालाच्या क्रमांकातील पहिले सहा आकडे सर्व देशांत सारखे असतात. पुढचे दोन आपले.

मराठीत आपण मागाच्या आणि सुईच्या, दोन्ही कामांना ‘विणणे’ असेच म्हणतो. जकातीचे पुस्तक मात्र तसे म्हणत नाही. मागावरच्या कापडात ताण्याचे व बाण्याचे धागे एकमेकांना छेदतात. गंजीफ्रॉकाचे वा स्वेटरचे कापड एकात एक अडकवलेल्या टाक्यांचे असते, म्हणून ते ताणते. या होजिअरी जातीचे कपडे ६१ व्या प्रकरणात आणि मागाच्या कापडाचे ६२ व्यात जातात.

६१ व्या प्रकरणातही घरे अनेक. टी-शर्ट व गंजीफ्रॉक ६१०९ मध्ये, स्वेटर ६११० मध्ये, पुरुषांचे सदरे ६१०५ मध्ये, बायकांचे ब्लाउज ६१०६ मध्ये. सदऱ्याला कमरेखाली खिसा असला, किंवा खालची कड आवळणारी पट्टी असली, तर तो या शेवटच्या दोन घरांत बसत नाही. दर सेंटिमीटरला दोन्ही दिशांनी सरासरी दहा टाके भरले नाहीत, तरीही नाही; आणि ही मोजणी निदान दहा बाय दहा सेंटिमीटर तुकड्यावर करावयाची. पुढून उघडणाऱ्या कपड्याची डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषाचा, उलट असेल तर बाईचा. कापणीवरून वेगळे स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट निराळी. मिश्र धाग्यात ज्याचे वजन अधिक, त्याच्या नावाने कपडा मोजला जातो.

कोणी म्हणेल, ही कारकुनी झाली; आम्हांला तिचे काय? काही कपड्यांवर टक्केवारी किंवा नगामागे ठरावीक रुपये, यांपैकी जे अधिक ते घेण्याची रीत आपल्याकडे चालत आली आहे. समजा, दर २० टक्के किंवा नगास ५० रुपये आहे. शंभर रुपयांच्या गंजीफ्रॉकावर ५० रुपये बसतील, म्हणजे किमतीच्या निम्मे. हजाराच्या स्वेटरवर २००, म्हणजे एक पंचमांश. बिलात खोटी किंमत लिहिणाऱ्याला यामुळे आळा बसतो, हे खरे. पण खरोखरच स्वस्त असलेल्या कपड्यावर, म्हणजे गरिबाच्या अंगावरच्या कपड्यावर, भार अधिक पडतो, हेही तितकेच खरे.

दुसरी बाजू कामगाराची. जुलै २०१८ मध्ये सरकारने पन्नासांहून अधिक प्रकारच्या कापडमालावरील जकात २० टक्क्यांवर नेली. परंतु माल चुकीच्या घरात दाखवून आत आला, तर तिरुपूरच्या वा लुधियानाच्या होजिअरी कामगाराला ते संरक्षण कागदावरच राहते. २०११ पासून वर्गीकरण आधी आयातदार स्वतःच करतो आणि अधिकारी ते तपासतो. म्हणून तपासणी कसून व्हावी, असा आग्रह आम्ही धरतो.

मात्र जकात वाढली म्हणजे मजुरी वाढली, असे कोणी समजू नये. जकात कारखान्याला आडोसा देते. त्या आडोशातला वाटा कामगाराला संघटनेनेच मिळवावा लागतो. तो मागताना मालक ‘परदेशी मालाने मारले’ असे म्हणाला, तर त्याला शांतपणे विचारावे: कोणता माल, कोणत्या घरातला आणि किती जकातीचा?