साक्षीदाराशेजारचा वकील
लेखांक सहावा

अमेरिकेतील दिवाणी दाव्यात दोन्ही पक्षांना आपली कागदपत्रे एकमेकांपुढे कशी मांडावी लागतात, ते मागच्या लेखांकात पाहिले. कागदांनंतर पाळी येते माणसांची. प्रत्यक्ष सुनावणीच्या कितीतरी आधी, बहुधा एखाद्या वकिलाच्या कचेरीत, समोरच्या पक्षाचा वकील साक्षीदाराला शपथेवर तोंडी प्रश्न विचारतो. लघुलेखक शब्द न् शब्द उतरवून घेतो आणि पुष्कळदा कॅमेराही चालू असतो. तिथे याला डिपॉझिशन म्हणतात, आपण जबानी म्हणू. या खोलीत न्यायाधीश नसतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या कौशल्याविषयी आजवर खूप लिहिले गेले आहे. साक्षीदाराच्या शेजारी बसणाऱ्या, त्याच्या बाजूच्या वकिलाकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. माझे म्हणणे असे की या वकिलाने बहुतेक वेळ गप्प राहणे हेच त्याच्या पक्षकाराचे सर्वांत भक्कम रक्षण आहे. जो वकील सारखा मध्ये तोंड घालतो तो न्यायाचे नुकसान करतोच, पण ज्याची फी घेतली त्याचेही करतो.

हे पटायचे तर जबानीचे वजन आधी लक्षात घ्यायला हवे. १९३८ साली अमेरिकेच्या संघीय न्यायालयांसाठी दिवाणी प्रक्रियेचे नवे नियम लागू झाले. त्यांतला पुरावा शोधण्याविषयीचा भाग मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक एडसन संडरलँड यांनी तयार केला होता. सुनावणीत कोणी कोणाला अचानक खिंडीत गाठू नये, दोन्ही बाजूंना वस्तुस्थिती आधीच कळावी, ही त्यामागची धारणा. १९४७ च्या हिकमन विरुद्ध टेलर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिला दुजोरा दिला आणि त्याच निकालात वकिलाच्या स्वतःच्या टिपणांना व विचारांना संरक्षणही दिले. पुढे परिस्थिती अशी पालटली की जबानी ही सुनावणीची पूर्वतयारी न राहता पुष्कळदा सुनावणीची जागाच घेऊ लागली. मार्क गॅलंटर यांच्या अभ्यासानुसार १९६२ मध्ये संघीय न्यायालयांतील ११.५ टक्के दिवाणी दावे सुनावणीपर्यंत पोचत. २००२ मध्ये हे प्रमाण १.८ टक्क्यांवर आले. बाकीचे दावे तडजोडीने, माघारीने किंवा कागदोपत्रीच मिटतात. म्हणजे बहुतेक साक्षीदारांना शपथेवर बोलण्याची एकच संधी मिळते, आणि ती या खोलीत. शिवाय जबानीत एक सांगायचे आणि नंतर प्रतिज्ञापत्रात त्याच्या उलट लिहून वाद जिवंत ठेवायचा, ही वाटही न्यायालयांनी बंद केली आहे. न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने १९६९ मध्ये घातलेला हा पायंडा आज सर्वत्र रुळला आहे. जबानीत उच्चारलेले वाक्य साक्षीदाराला शेवटपर्यंत चिकटते.

ज्या शब्दांना एवढी किंमत, ते शब्द साक्षीदाराचेच असले पाहिजेत. अडचण इथेच सुरू होते. प्रश्न टोचू लागला की शेजारचा वकील हरकत घेतो, आणि हरकतीच्या निमित्ताने उत्तर सुचवतो. ‘प्रश्न संदिग्ध आहे, ती बैठक नेमकी कोणती हे साक्षीदाराला आठवत असेल तरच तो सांगू शकेल,’ असे वकील म्हणाला की साक्षीदार लगेच म्हणतो, ‘मला आठवत नाही.’ नोंदीत दिसते ती हरकत, प्रत्यक्षात ती सूचना असते. कधी वकील साक्षीदाराला बाहेर नेऊन कुजबुजतो, आणि परतल्यावर उत्तर बदललेले असते. पेनसिल्व्हेनियाच्या संघीय न्यायालयाचे न्यायाधीश रॉबर्ट गॉथ्रॉप यांच्यापुढे १९९३ मध्ये हॉल विरुद्ध क्लिफ्टन प्रिसिजन या दाव्यात असेच प्रकरण आले. जबानी देणाऱ्या वादीशी त्याच्या वकिलाने चालू जबानीत सल्लामसलत केली होती. गॉथ्रॉप यांनी आदेश दिला की जबानी सुरू झाल्यावर वकील आणि साक्षीदार यांनी आपसांत बोलायचे नाही, मध्यंतरातही नाही. अपवाद एकच, एखादी गोष्ट वकील-अशील गोपनीयतेखाली येते का, हे ठरवण्यापुरता. साक्षीदार आणि वकील यांच्या या नात्याला त्यांनी बोलक्या बाहुल्याच्या खेळाची उपमा दिली. रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव पाहिलेल्या मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागणार नाही.

त्याच वर्षी नियमही बदलले. हरकत थोडक्यात घ्यायची, तीत युक्तिवाद करायचा नाही आणि उत्तर सुचवायचे नाही, असे तिसाव्या नियमात स्पष्ट लिहिले गेले. हरकत नोंदवली जाते आणि साक्षीदार तरीही उत्तर देतो. ती योग्य होती की नाही हे न्यायालय पुढे ठरवते. उत्तर देऊ नकोस असे वकील तीनच कारणांसाठी सांगू शकतो : गोपनीयता जपण्यासाठी, न्यायालयाने आधीच घातलेली मर्यादा पाळण्यासाठी, किंवा छळाविरुद्ध न्यायालयाकडे धाव घ्यायची असेल तेव्हा. प्रत्येक बाजूला दहाच जबान्या घेता येतील ही मर्यादाही तेव्हाची, आणि एक दिवस, सात तास ही मर्यादा २००० सालची. उर्मटपणाचा प्रश्न यापेक्षा वेगळा, पण त्याच कुळातला. फेब्रुवारी १९९४ मध्ये पॅरामाउंट विरुद्ध क्यूव्हीसी या गाजलेल्या प्रकरणात डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने कोणाची तक्रार नसताना निकालाला परिशिष्ट जोडले आणि पॅरामाउंटच्या एका संचालकाच्या जबानीत टेक्सासचे प्रख्यात वकील जो जमेल यांनी वापरलेल्या भाषेचा कडक शब्दांत निषेध केला. कंपनीच्या ताब्याविषयीचा निकाल वाचायला घेतलेल्यांना त्याच्या शेवटी वकिलाच्या वर्तनावरची ही पाने वाचावी लागली.

न्यायाधीश खोलीत नसतो म्हणून हे सारे घडते, तो हजर असला की आपोआप थांबेल, असे कोणी म्हणेल. १७ जानेवारी १९९८ ची जबानी याचे उत्तर आहे. पॉला जोन्स यांनी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर भरलेल्या दिवाणी दाव्यात क्लिंटन यांची जबानी होती आणि न्यायाधीश सुसान वेबर राइट स्वतः तिथे बसल्या होत्या. मोनिका लेविन्स्की यांच्याविषयी प्रश्न निघताच क्लिंटन यांचे वकील रॉबर्ट बेनेट यांनी हरकत घेतली. दोघांत कोणत्याही प्रकारचे शारीरिक संबंध नाहीत असे लेविन्स्की यांच्या प्रतिज्ञापत्रात म्हटले आहे, हे त्यांनी त्या हरकतीत सांगितले. क्लिंटन शेजारी बसून होते, काही बोलले नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस बेनेट यांना न्यायाधीशांना पत्र लिहून कळवावे लागले की त्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये. एप्रिल १९९९ मध्ये राइट यांनी जबानीतल्या खोट्या उत्तरांबद्दल क्लिंटन यांना दिवाणी अवमानाबद्दल दोषी ठरवले. पुढे त्यांची आर्कान्सामधील वकिलीची सनद पाच वर्षांसाठी निलंबित झाली. खोट्या उत्तरांचा दोष क्लिंटन यांचाच. तरीही वकिलाने वस्तुस्थितीविषयी साक्षीदाराच्या जागी बोलण्याची किंमत इथे दोघांनी मोजली : अशिलाचे मौन त्या विधानाला मिळालेली संमती म्हणून वाचले गेले, आणि वकिलाला स्वतःचे बोलणे मागे घ्यावे लागले. बेनेट यांनी फक्त ‘हरकत’ म्हणून थांबायचे ठरवले असते तर निदान हा भाग तरी नोंदीत आला नसता.

मात्र वकिलाने तोंड मिटले आणि साक्षीदारच वकिलासारखा बोलू लागला, तर काय होते? १९९८ मध्येच ऑगस्टच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या आरंभी बिल गेट्स यांची तीन दिवस जबानी झाली. मायक्रोसॉफ्टविरुद्ध अमेरिकी सरकारने भरलेला हा मक्तेदारीचा खटलाही दिवाणीच. सरकारच्या वतीने डेव्हिड बॉइस प्रश्न विचारत होते. दुसऱ्यांच्या ब्राउझरविषयी तुम्हाला चिंता होती का, असे विचारल्यावर ‘चिंता’ म्हणजे तुम्हाला काय म्हणायचे आहे, असा प्रतिप्रश्न आला. स्वतःच पाठवलेल्या ईमेलमधले साधे शब्दही त्यांना अस्पष्ट वाटत राहिले. विचारले तेवढेच सांग, अंदाज बांधू नकोस, हा जबानीच्या तयारीतला शहाणा सल्ला आहे. तोच ताणून ताणून इथे तुटला. ऑक्टोबरमध्ये सुनावणी सुरू झाल्यावर सरकारी बाजूने या चित्रफितीचे तुकडे आठवड्यामागून आठवडे न्यायालयात दाखवले. मायक्रोसॉफ्टने गेट्स यांना त्या सुनावणीत साक्षीला बोलावलेच नाही, त्यामुळे न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांना दिसले ते फितीतले गेट्स. वकिलाची सावधगिरी साक्षीदाराच्या तोंडून व्यक्त झाली की तीही मध्येच घेतलेल्या हरकतीइतकीच महाग पडते.

माझ्या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात, आणि ते हलके नाहीत. पहिला असा : समोरचा वकील दमदाटी करत असेल, खासगी गोष्टी उकरत असेल, तर गप्प बसणे म्हणजे साक्षीदाराला वाऱ्यावर सोडणे नव्हे काय? तसे झाले असते तर मी हे लिहिले नसते. नियमाने वकिलाला जबानी थांबवून न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग ठेवला आहे. तो उघड मार्ग आहे आणि तो चोखाळल्याची जबाबदारी वकिलावर राहते. हरकतीत दडवलेल्या इशाऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. दुसरा आक्षेप स्मरणशक्तीचा. साक्षीदार गोंधळतो, तारीख चुकवतो. त्याला वेळीच आठवण करून दिली तर सत्यालाच मदत होणार नाही का? होईलही, पण ती आठवण नोंदीत दिसायला हवी. समोरच्याचे प्रश्न संपले की साक्षीदाराचा वकील स्वतः प्रश्न विचारून खुलासा करून घेऊ शकतो. शिवाय उतारा हाती आल्यावर साक्षीदाराला तीस दिवसांत कारणे देऊन दुरुस्ती करता येते. काही न्यायालये या दुरुस्तीत उत्तर फिरवू देत नाहीत, आणि मला ते योग्य वाटते. चुकलेली तारीख सुधारणे वेगळे, ‘हो’ चे ‘नाही’ करणे वेगळे.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा. अमेरिकेत वकील साक्षीदाराची आधी चार-चार दिवस तयारी करून घेतात, लुटुपुटीची उलटतपासणीही घेतात. सगळे शिकवणे आधीच उरकले असेल तर खोलीतल्या मौनाला अर्थ काय? इंग्लंडमध्ये बॅरिस्टरांना साक्षीदाराची अशी तालीम घेण्यास मनाई आहे, हेही आक्षेपक दाखवून देतात. या आक्षेपात तथ्य आहे. तयारी आणि पढवणे यांच्यातली रेघ धूसर आहे. म्हणूनच अमेरिकन बार असोसिएशनने ऑगस्ट २०२३ मध्ये या विषयावर स्वतंत्र नैतिक अभिमत प्रसिद्ध केले. त्यात दूरस्थ जबानीत कॅमेऱ्याआडून पाठवल्या जाणाऱ्या संदेशांचाही विचार आहे. पण या आक्षेपामुळे मौनाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. कितीही तयारी केली तरी प्रश्नांचा क्रम समोरच्याच्या हाती असतो, आणि सात तासांत पढवलेले आणि पाहिलेले वेगळे दिसू लागते. ते वेगळे दिसू द्यायचे तर शेजारच्या वकिलाने मध्ये येऊन ते झाकता कामा नये. गॉथ्रॉप यांचा मध्यंतरातही न बोलण्याचा दंडक मात्र मला थोडा कडक वाटतो. १९९८ मध्ये नेवाडातील संघीय न्यायालयाने तो पूर्णपणे स्वीकारला नाही. प्रश्न प्रलंबित नसताना, नेहमीच्या विश्रांतीत वकिलाशी बोलायला त्याने मोकळीक ठेवली. घाबरलेल्या माणसाला धीर देण्यापुरती ही मोकळीक असावी.

आपल्याकडे सुनावणीपूर्वीची अशी जबानी नाही. विरुद्ध पक्षाला लेखी प्रश्नावली देता येते आणि उत्तरे वकिलाच्या हातून शपथपत्रावर येतात. पण १ जुलै २००२ पासून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठराव्या आदेशातील चौथा नियम बदलला आणि सरतपासणी शपथपत्रावर, उलटतपासणी न्यायालयापुढे किंवा कोर्ट कमिशनरपुढे, अशी व्यवस्था आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील दाव्यांत कमिशनरपुढची साक्ष चांगलीच रुळली आहे. म्हणजे न्यायाधीश नसलेली खोली आपल्याकडेही आली आहे. कमिशनर साक्षीदाराच्या वागण्यावर शेरा लिहू शकतो, हरकत नोंदवू शकतो, पण तिचा निर्णय करू शकत नाही. तो युक्तिवादाच्या वेळी न्यायालय करते. हरकत कशी घ्यावी, किती लांब असावी, तीत उत्तर सुचवू नये, याविषयी संहितेत शब्द नाही. लांबलचक हरकती तशाच्या तशा नोंदीत उतरतात, साक्षीदार त्या ऐकतो आणि मगच उत्तर देतो. अमेरिकेने १९९३ मध्ये तीन शब्दांत जे बंधन घातले, थोडक्यात, युक्तिवादाविना, सूचनेविना, ते कमिशनर नेमण्याच्या आदेशातच लिहायला आजही कोणती अडचण नाही. त्यासाठी संसदेची वाट पाहावी लागत नाही. आदेश काढणारे न्यायालय स्वतःच ती अट घालू शकते, आणि पक्षकारांचे वकील ती मागू शकतात.

पुढच्या लेखांकात तज्ज्ञ साक्षीदार : त्यांचा अहवाल, त्यांची फी, आणि त्यांची उलटतपासणी.