दांडा, आठ बटणं आणि सुटलेली तार

२००९ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’ घरगुती कन्सोलवर आला, तेव्हा त्याच्या जोडीने मॅड कॅट्झ या कंपनीने एक पेटी बाजारात आणली. तिचं पूर्ण नाव ‘आर्केड फाइटस्टिक टूर्नामेंट एडिशन’. खेळणारे तिला नुसतं ‘टीई’ म्हणतात. प्लॅस्टिकचं कवच, वर आणि खाली पत्रा, मांडीवर घेतली की जागची हलणार नाही असं वजन. डाव्या हाताला गोल मुठीचा दांडा, उजव्या हाताला आठ बटणं. मागच्या बाजूला एक कप्पा आणि त्यातून निघणारी लांबलचक यूएसबी तार. मॅड कॅट्झचं २०१७ मध्ये दिवाळं निघालं. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ या ज्या कन्सोलसाठी ही पेटी घडवली होती, त्यांचं उत्पादनही थांबलं. पेटी मात्र टिकून आहे. आज तिच्या मालकांपैकी कित्येक जण खालचे स्क्रू काढून ती उलटी करतात आणि तिला बिनतारी करायला बसतात.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकन टाकून ‘मुस्तफा’ खेळलेल्यांना, म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’ खेळलेल्यांना, दांडा आणि बटणांची ही मांडणी नवी नाही. त्या उभ्या यंत्राचा हातांखाली येणारा तेवढाच भाग कापून घरी आणावा, अशी फाइट स्टिकची मूळ कल्पना. कॅपकॉमच्याच ‘स्ट्रीट फायटर २’ने १९९१ मध्ये सहा बटणांच्या मारामारीचं वेड जगभर पसरवलं आणि तेव्हापासून हा भाग नीट घडवणं हे एक वेगळंच कसब होऊन बसलं.

त्या कसबातलं मोठं नाव म्हणजे जपानची सान्वा देन्शी. टीईमध्ये दांडाही सान्वाचा आणि बटणंही सान्वाचीच. दांड्याच्या तळाशी चार मायक्रोस्विच असतात, प्रत्येक दिशेला एक. चौकोनी खाचेच्या कोपऱ्यात दांडा ढकलला की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात आणि तिरकी दिशा मिळते. खाली, तिरकं, पुढे अशी पाव वर्तुळाची फेरी हात मारतो, तेव्हा आत फक्त दोन स्विच एकामागून एक मिटत आणि उघडत असतात. बटणं तर त्याहून साधी. ३० मिलिमीटरच्या भोकात चापून बसणारं एक टोपण आणि त्याखाली एक स्विच. बटण दाबलं की त्याची तार ग्राउंडला टेकते, सोडलं की सुटते. पेटीतल्या हाताच्या भागात एवढंच आहे. तिथे चिप नाही की प्रोग्रॅम नाही. बटणांच्या तारा २.८ मिलिमीटरच्या लगांनी खोचलेल्या असतात, दांड्याची पाच तारांची जोडणी एका कनेक्टरवर येते, आणि या सगळ्या तारा एका छोट्या बोर्डाकडे जातात. पेटीतला जुना होणारा भाग हा बोर्डच. कोणत्या साली कोणत्या कन्सोलशी बोलायचं, हे त्यालाच ठाऊक असतं.

म्हणून तार काढणं म्हणजे नुसती सोय नव्हे, असं मला वाटतं. हाताचा भाग शाबूत ठेवून यंत्राचा भाग बदलण्याची मुभा या वस्तूत पहिल्यापासून आहे, आणि आजच्या चिकटवून बंद केलेल्या उपकरणांमध्ये ती दुर्मीळ आहे. ती वापरली तरच टिकेल.

बिनतारी करण्याची जुनी रीत म्हणजे बिनतारी पॅडचा बळी देणं. पॅड उघडायचा, त्याचा बोर्ड बाहेर काढायचा आणि रबरी बटणांखालच्या संपर्कांवर तारा सोल्डर करायच्या. रेडिओ, बॅटरी, चार्जिंग सगळं आयतं मिळतं. अट एकच: त्या पॅडमध्ये सगळ्या बटणांचं ग्राउंड सामाईक हवं. ते नसेल तर सान्वाच्या सामाईक ग्राउंडच्या जोडणीशी त्याचं जमत नाही. एक्सबॉक्स ३६० च्या पॅडमध्ये आणखी एक पेच आहे. त्याचे दोन ट्रिगर हे साधे स्विच नसून कमीजास्त दाब मोजणारे आहेत. त्यामुळे त्या दोन बटणांच्या वाटेत रेझिस्टर बसवून ‘पूर्ण दाबलं’ आणि ‘पूर्ण सोडलं’ ही दोनच टोकं बोर्डाला दाखवावी लागतात.

दुसरी वाट तयार बोर्डाची. तैवानच्या ब्रूकसारख्या कंपन्या खास फाइट स्टिकसाठी बोर्ड बनवतात, त्यात बिनतारीही आहेत. जुना बोर्ड काढा, नवा लावा, झालं.

तिसरी वाट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शिकवणारी. एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही चिप ब्लूटूथसकट अगदी किरकोळ किमतीत मिळते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तिचा बोर्ड, लिथियम बॅटरी आणि चार्जिंगचं मॉड्यूल एकाच फेरीत हाती येतं. दांड्याच्या चार, बटणांच्या आठ आणि स्टार्ट, सिलेक्ट, होमच्या तीन अशा पंधरा तारा तिच्या पिनांना जोडायच्या. पण पिना डोळे मिटून निवडता येत नाहीत. ३४ ते ३९ या पिनांना अंतर्गत पुल-अप नाही, त्यामुळे बाहेरून रेझिस्टर न लावता तिथे बटण जोडलं तर ते आपोआप दाबलं गेल्यासारखं वागतं. ६ ते ११ या पिना चिपच्या स्वतःच्या मेमरीला जोडलेल्या असतात, त्यांच्या वाटेला जायचं नाही. शून्य क्रमांकाच्या पिनेवरचं बटण दाबून ठेवून पेटी चालू केली, तर चिप खेळ सोडून नवा प्रोग्रॅम भरून घ्यायच्या तयारीत जाऊन बसते.

यापुढे खरा प्रश्न येतो तो वेळेचा. मारामारीचा खेळ सेकंदाला ६० चौकटींनी (फ्रेम) चालतो, म्हणजे एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. ‘स्ट्रीट फायटर ४’मध्ये एका फटक्याला दुसरा जोडण्यासाठी कित्येकदा नेमकी एकच चौकट मिळते. तारेतून यूएसबी दर मिलिसेकंदाला बटणांची स्थिती विचारू शकतं. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये पेटी आणि समोरचं यंत्र यांच्या दोन भेटींमधलं अंतर आजवर प्रचलित असलेल्या मापाने ७.५ मिलिसेकंदांपेक्षा कमी होत नाही. भेट नुकतीच होऊन गेली आणि तेवढ्यात बटण दाबलं, तर जवळपास अर्धी चौकट थांबण्यातच जाते. एखादी भेट हवेत हरवली तर वाट दुप्पट, म्हणजे जवळजवळ पूर्ण चौकट. शिवाय अंतर ठरवण्याचा अधिकार पेटीचा नसतो. पेटी विनंती करते. फोन किंवा संगणक ती मान्य करेलच असं नाही. सरासरी उशीर हाताला लवकर सवयीचा होतो. बोचतो तो कमीजास्त होणारा उशीर, कारण त्याचा ठेका हाताला पकडता येत नाही. म्हणून चोखंदळ खेळाडू ब्लूटूथ सोडून यूएसबीत खोचायच्या स्वतंत्र २.४ गिगाहर्ट्झ रिसीव्हरकडे वळतात. चांगल्या गेमिंग माउसप्रमाणे तो मिलिसेकंदाच्या हिशेबात बोलू शकतो.

प्रोग्रॅममध्येही वेळ वाचवता येतो. मायक्रोस्विच मिटताना त्याची पाती काही क्षण थरथरते आणि एका दाबाचे अनेक दाब दिसतात. सरळसोट उपाय म्हणजे थरथर थांबेपर्यंत वाट पाहणं, पण त्यात काही मिलिसेकंद फुकट जातात. त्याऐवजी पहिला स्पर्श लगेच खरा मानायचा आणि नंतरच्या थरथरीकडे दुर्लक्ष करायचं.

विजेचा भाग कंटाळवाणा वाटतो, पण बहुतेक पेट्या इथेच फसतात. लिथियमची एक बॅटरी भरलेली असताना ४.२ व्होल्ट देते, नंतर बराच काळ ३.७ च्या आसपास रेंगाळते. चिपला ३.३ हवेत. सर्रास मिळणाऱ्या ईएसपी३२ बोर्डांवर जो रेग्युलेटर असतो, त्याला स्वतःसाठीच साधारण एक व्होल्टचा फरक लागतो. साहजिकच बॅटरी अर्धी बाकी असतानाच रेडिओने जोर लावला की व्होल्टेज कोसळतं आणि ऐन सामन्यात चिप पुन्हा सुरू होते. दोष ब्लूटूथचा समजून लोक दिवसचे दिवस प्रोग्रॅम तपासत बसतात. उपाय सोपा आहे: अत्यल्प फरकावर चालणारा रेग्युलेटर, आणि त्याच्या शेजारी एक पुरेसा मोठा कपॅसिटर. संरक्षण सर्किट नसलेली बॅटरी या पेटीत घालूच नये. तळाच्या पत्र्यातून स्क्रूंची टोकं वर येतात. चपटी बॅटरी त्यांच्यापासून दूर, फोमवर बसवलेली हवी.

पत्र्याचा दुसरा त्रास रेडिओला होतो. वर पत्रा, खाली पत्रा, आणि मधोमध चिपची अँटेना: लाटा बाहेर पडायला फटीच शोधाव्या लागतात. टीईमध्ये याचं उत्तर पेटीनेच देऊन ठेवलंय. तार गुंडाळून ठेवण्याचा मागचा कप्पा प्लॅस्टिकच्या बाजूला आहे आणि तार गेल्यावर तो मोकळाच असतो. अँटेनेचं टोक त्या कप्प्याकडे काढलं की सिग्नल ठणठणीत मिळतो.

घरच्या बोर्डाला एक कुलूप मात्र उघडता येत नाही. कन्सोल आपल्या परवान्याची खूण मागतात. प्लेस्टेशन ४ तर खूण न पटलेला कंट्रोलर आठ मिनिटांनी तोडून टाकतो. म्हणून ईएसपी३२ ची पेटी संगणक आणि अँड्रॉइडवर रमते आणि कन्सोलसाठी पॅडच्या बळीची जुनी रीत अजून जिवंत आहे. वस्तू विकत घेतलेल्या माणसाला ती जोडायची परवानगी मागावी लागावी, हे मला मान्य नाही. २०२५ मध्ये सोनीनेही स्वतःची बिनतारी फाइट स्टिक जाहीर केली. म्हणजे मागणी खरी होती, हे उत्पादकांनाही पटलं आहे.

स्पर्धांचा मामला वेगळा. एका सभागृहात शेकडो पेट्या एकाच पट्ट्यात बोलू लागल्या तर गोंधळ ठरलेला. एखाद्या कन्सोलशी आधी जुळलेला कंट्रोलर दूरच्या कुणाच्या पिशवीत चुकून चालू झाला, तर चालू सामना मध्येच थांबू शकतो. म्हणून आयोजक बहुधा तारेचाच आग्रह धरतात, आणि तो रास्त आहे. त्यामुळे जाणकार माणूस तार काढतो, पण तारेची वाट बुजवत नाही. मूळ ईएसपी३२ ला यूएसबीवरून कंट्रोलर म्हणून वावरता येत नाही. एस३ या तिच्या नव्या भावंडाला यूएसबी आणि ब्लूटूथ दोन्ही जमतात, म्हणून नव्या जोडणीत तीच घ्यावी. पेटीच्या मागे न्यूट्रिकचा पॅनेलवर बसणारा यूएसबी सॉकेट लावला की त्याच एका जागेतून चार्जिंगही होतं आणि स्पर्धेच्या दिवशी तारही खोचता येते. त्याला २४ मिलिमीटरचं भोक लागतं. सान्वाच्या लहान बटणांचं मापही तेच, त्यामुळे नवा ड्रिल बिट आणावा लागत नाही.