पायाची धमनी उघडली, पुढे काय?

शिंदखेड्यासारख्या कोरडवाहू तालुक्यात पाय गेला की हातातली मजुरीही जाते. म्हणून पायाच्या धमनीतला अडथळा काढण्याचा उपचार इथे एकाच प्रश्नावर जोखला जातो : पाय वाचला का? प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. फुगा फुगवून केलेली अँजिओप्लास्टी असो की पायाचीच शीर वापरून केलेली बायपास, तिचा निकाल योग्य रोगी निवडण्यावर आणि नंतरच्या काळजीवर ठरतो.

चालताना पोटरीत गोळे येतात आणि थांबले की उतरतात, अशा रोग्याला लगेच स्टेंटची गरज असतेच असे नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील ‘क्लेव्हर’ चाचणीत पोटातल्या व कमरेच्या धमन्यांत अडथळा असलेले रोगी होते. देखरेखीखाली व्यायाम केलेले त्यांतले रोगी सहा महिन्यांनी चालपट्टीवर स्टेंटवाल्यांपेक्षा जास्त वेळ चालू शकले. यावर कुणी म्हणेल, शेतकरी तर दिवसभर चालतोच! पण पिकात रेंगाळत चालणे वेगळे. या व्यायामात दुखेपर्यंत चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे; आठवड्यातून तीनदा, किमान बारा आठवडे.

झोपेतही पाय ठणकतो, बोट काळे पडते किंवा जखम भरत नाही, तेव्हा मात्र थांबणे महागात पडते. कोणता उपचार करावा, यावर दोन मोठ्या चाचण्या वरवर परस्परविरोधी वाटतात. ‘बेस्ट-क्ली’त (2022) चांगली शीर उपलब्ध असलेल्यांपैकी बायपासनंतर 42.6 टक्के, तर अँजिओप्लास्टीनंतर 57.4 टक्के रोग्यांच्या वाट्याला मृत्यू किंवा पायाची गंभीर गुंतागुंत आली. ‘बेसिल-2’त (2023) गुडघ्याखालच्या धमन्यांच्या रोग्यांमध्ये मोठे अंगच्छेदन किंवा मृत्यू बायपास गटात 63, तर अँजिओप्लास्टी गटात 53 टक्के रोग्यांत झाला; हा फरक मुख्यतः मृत्यूंमुळे पडला. शिरेची प्रत, अडथळ्याची जागा आणि हृदयाची ताकद पाहूनच निवड करावी, हाच दोन्हींचा मिळून अर्थ.

मग निम्म्यांचे असे होणार असेल, तर खर्च कशाला? कारण उपचाराविना अशा पायाचे भवितव्य याहून वाईट असते, आणि मरण बहुधा पायामुळे नव्हे, हृदयातल्या किंवा मेंदूतल्या तशाच अडथळ्यांमुळे येते. ‘व्हॉयेजर’ चाचणीत (2020) पायाची धमनी उघडल्यानंतर अॅस्पिरिनसोबत रक्त गोठू न देणारे रिव्हारोक्साबॅन दिल्यावर तीन वर्षांत पाय, हृदय आणि मेंदूच्या गंभीर घटनांचे प्रमाण 19.9 वरून 17.3 टक्क्यांवर आले. रक्तस्रावाची जोखीम मात्र वाढली. तरुण विडीबाजांच्या बर्गर रोगात तर बायपासला जोडायला पुढे बहुधा धड धमनीच उरत नाही. तिथे तंबाखू सोडणे हाच पहिला उपचार. धमनीतला अडथळा वेळीच ओळखायचा, तर घोट्याचा रक्तदाब मोजावा; तो हाताच्या तुलनेत 0.9 किंवा त्याहून कमी भरला की आजाराचा संशय घ्यावा. मधुमेहात धमन्या कडक झाल्याने हा आकडा फसवा निघू शकतो. ही तपासणी हातातल्या डॉप्लरने तालुक्यातही होऊ शकते. धुळ्याच्या मोठ्या रुग्णालयात काळे बोट घेऊन जाण्याऐवजी पोटरीतल्या नुसत्या गोळ्यांची तक्रार घेऊन गेलेला माणूसच या उपचारांतून सर्वाधिक मिळवतो.